मेंढी धडधाकट, गाय मात्र दगावते: सातारा-सांगलीच्या पशुपालकांनी ‘एमसीएफ’ का समजून घ्यावा?

लाळ्या खुरकत आणि लम्पी ही नावं आता पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक गोठ्याला पाठ झाली आहेत. ‘मॅलिग्नंट कॅटारल फिव्हर’ म्हणजेच ‘एमसीएफ’ हे नाव मात्र फारसं कुणाच्या कानावर पडलेलं नाही. हा विषाणू मेंढीच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो आणि तिला काहीच करत नाही. तोच विषाणू गाईच्या किंवा म्हशीच्या शरीरात शिरून आजार झाला, तर जनावर वाचणं जवळपास अशक्य असतं.

मेंढरांचे कळप आणि दुधाच्या गाई-म्हशी एकाच शिवारात असलेले जे भाग राज्यात आहेत, त्यात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे वरच्या रांगेत येतात. त्यामुळे हा आजार इथे समजून घेणं गरजेचं आहे. तो अर्धवट समजला, तर पहिला दगड मेंढपाळावर पडेल आणि गाई मात्र मरतच राहतील, हा धोका त्याहून मोठा आहे.

नेमका आजार काय आहे?

एमसीएफ हा हर्पिस कुळातल्या विषाणूंमुळे होतो. या कुळातले विषाणू एकदा शरीरात शिरले की आयुष्यभर दडून राहतात. एमसीएफ घडवणारे प्रमुख विषाणू दोन. एक आफ्रिकेतल्या विल्डबीस्ट या रानटी प्राण्यात राहतो. दुसरा मेंढीत राहतो आणि जगात जिथे जिथे मेंढ्या आहेत तिथे तिथे तो आहे. त्याचं शास्त्रीय नाव ‘ओव्हाइन हर्पिसव्हायरस-२’. भारतात काश्मीर आणि कर्नाटकातल्या जनावरांमध्ये तो प्रयोगशाळेच्या तपासणीत सापडलेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची हद्द कर्नाटकाला लागूनच आहे. जनावरांचे बाजार, मेंढरांची वाट आणि सोयरीक, तिन्ही या सीमेच्या आरपार चालतात.

नैसर्गिक वातावरणात वाढलेल्या जवळपास सगळ्याच प्रौढ मेंढ्यांमध्ये हा विषाणू असतो. म्हणून ‘बाधित कळप शोधा आणि बाजूला काढा’ या मागणीला काही अर्थ उरत नाही. तपासणी केली तर बहुतेक प्रत्येक कळप बाधितच निघेल.

मेंढीला काही होत नाही, मग गाईलाच का?

मेंढी आणि हा विषाणू यांचं नातं फार जुनं आहे. मेंढीच्या शरीरानं त्याला लगाम घालायला शिकून घेतलं आहे. गाईच्या शरीराला तो परका असतो. तिथे तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पेशींमध्येच शिरतो आणि त्यांचं नियंत्रण सुटतं. मग याच पेशी बेसुमार वाढून रक्तवाहिन्या, डोळे, तोंड, आतडी आणि मेंदू यांना इजा करतात. थोडक्यात, गाईचा जीव विषाणूइतकाच तिच्या स्वतःच्या बिघडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे जातो.

सगळी जनावरं सारखी बळी पडत नाहीत. अमेरिकेतले बायसन, इंडोनेशियातली बाली जातीची गुरं आणि हरणांच्या काही जाती अतिशय नाजूक. म्हैसही गाईपेक्षा लवकर बळी पडते. त्या मानानं गाय बरीच चिवट. म्हणूनच हा आजार साथीसारखा गोठेच्या गोठे रिकामे करत नाही. इथे एक, तिकडे दोन अशी जनावरं दगावतात आणि नेमक्या याच कारणानं तो नजरेतून सुटतो.

सातारा-सांगलीचा संबंध काय?

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा म्हणजे मेंढरांचं माहेरघर. उंच, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी जत तालुक्यातली. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं साताऱ्यात दहिवडीला आणि सांगलीत रांजणीला आहेत, तीही याच कारणानं. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि जवळपास १ कोटी ४० लाख गाई-बैल आहेत.

पावसाळा संपला, गावाकडचं गवत वाळलं की धनगर वाडे उठतात आणि कृष्णा-कोयनेच्या काठाकडे, काही पार कोकणाकडे सरकतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात. रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्या आणि मूत हे रानाला मिळणारं बिनकष्टाचं खत. त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. ही देवघेव पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शेताच्या एका बांधाला मेंढरं आणि दुसऱ्या बांधाला जर्सी किंवा होल्स्टिन गाईंचा गोठा, हे चित्र कराड, वाळवा, पलूस, तासगावात नवीन नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला. टेंभू, म्हैसाळ आणि ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचलं. पाण्यामागून ऊस आला, हिरवा चारा आला आणि चाऱ्यामागून संकरित गाई आल्या. पूर्वी मेंढी माळावर आणि दुधाची गाय नदीकाठावर अशी ढोबळ विभागणी होती. आता आटपाडी किंवा कवठेमहांकाळच्या एकाच वस्तीवर दोन्ही दिसतात. बऱ्याच घरी दोन-चार मेंढ्या किंवा शेळ्या गाईच्या शेजारीच, एकाच पत्र्याखाली बांधलेल्या असतात.

या शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. वाटेनं जाणारा कळप गाईच्या आसपास एक-दोन रात्री असतो. घरच्या मेंढ्या वर्षाचे ३६५ दिवस तिच्याच गव्हाणीत तोंड घालत असतात.

विषाणू मेंढीकडून गाईकडे कसा जातो?

मुख्यतः मेंढीच्या नाकातल्या स्रावातून. मेंढी फुरफुरते, शिंकते, त्यातले बारीक थेंब हवेत, चाऱ्यावर आणि पाण्यात पडतात. पण सगळ्या मेंढ्या सारख्या प्रमाणात विषाणू सोडत नाहीत. संशोधनानुसार सर्वाधिक विषाणू ६ ते ९ महिने वयाची कोकरं सोडतात. प्रौढ मेंढ्याही सोडतात, पण अधूनमधून आणि कमी. अगदी लहान, दूध पिणारी कोकरं फारशी धोकादायक नसतात.

याचा हिशेब आपल्याकडच्या कॅलेंडरवर मांडता येतो. दिवाळीच्या सुमारास जन्मलेलं कोकरू साधारण मे ते जुलै-ऑगस्ट या काळात या वयात येतं. म्हणजे कळप परतीच्या वाटेवर असताना आणि गावात पोचल्यावर. त्यातच पावसाळी, ढगाळ, दमट हवा. हा विषाणू शरीराबाहेर नाजूक असतो. कडक उन्हात आणि कोरड्या हवेत तो लवकर निकामी होतो, दमट आणि सावलीच्या जागी जास्त टिकतो.

अंतर किती महत्त्वाचं आहे, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासातून दिसतं. हजारो कोकरं एकत्र ठेवलेल्या फीडलॉटच्या आसपास बायसनचे तीन कळप होते. सुमारे दीड किलोमीटरवरच्या कळपातले १७ टक्क्यांच्या आसपास प्राणी दगावले. ५ किलोमीटरवरच्या कळपात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. बायसन गाईपेक्षा कितीतरी नाजूक आणि तिथली कोकरं आपल्याकडच्या एखाद्या वाड्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण अंतर वाढलं की धोका झपाट्यानं उतरतो, हा धडा इथेही लागू पडतो.

लक्षणं कोणती? कशाशी गल्लत होते?

आजाराची सुरुवात अचानक होते. प्रमुख लक्षणं अशी:

- १०५ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप, चारा-पाणी बंद, दूध एकदम आटणं.
- नाकातून आधी पातळ, मग घट्ट पिवळट शेंबूड, नाकपुडीवर खपल्या, श्वास घेताना घरघर.
- दोन्ही डोळ्यांतून पाणी, उजेड सहन न होणं आणि डोळ्यात फूल पडणं. हे पांढरेपण बुबुळाच्या कडेनं सुरू होऊन मध्यापर्यंत सरकतं.
- तोंडात, हिरड्यांवर, जिभेवर सालटी निघणं, लाळ गळणं.
- मानेच्या आणि खांद्याजवळच्या गाठी सुजणं.
- काही जनावरांत हगवण, लघवीतून रक्त, थरथर, तोल जाणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं.

लक्षणं दिसल्यापासून बहुतेक जनावरं आठवडा-दीड आठवड्यात दगावतात. क्वचित एखादं जास्त दिवस तग धरतं, फारच थोडी बरी होतात.

लाळ गळते आणि तोंडात जखमा दिसतात, म्हणून पहिला संशय लाळ्या खुरकतवर जातो. ताप आणि सुजलेल्या गाठी पाहून गोचीड ताप किंवा लम्पी वाटू शकतो. दोन खुणा मात्र ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. लाळ्या खुरकत गोठ्यातल्या बऱ्याच जनावरांना भराभर होते, एमसीएफमध्ये बहुधा एकच जनावर आजारी पडतं आणि शेजारचं नीट खात असतं. दुसरी खूण म्हणजे दोन्ही डोळ्यांत कडेकडून आत सरकत जाणारं फूल. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या आणि आसपास मेंढ्या असल्या, तर पशुवैद्यकाला तसं स्पष्ट सांगावं. पक्कं निदान मात्र डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी रक्ताची पीसीआर चाचणी करावी लागते.

आणखी एक अडचण आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. गाय आजारी पडते तेव्हा रानात बसलेला कळप केव्हाच पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. दोन्हीचा संबंध पशुपालकाच्या डोक्यात येतच नाही.

एका गाईकडून दुसरीला होतो का? माणसाला?

गाईकडून गाईला हा आजार पसरत नाही. गाईच्या शरीरात विषाणू पेशींच्या आतच अडकतो, श्वासातून किंवा शेंबडातून दुसऱ्याला बाधेल अशा रूपात तो बाहेर पडत नाही. शास्त्रज्ञ अशा जनावराला विषाणूचा ‘शेवटचा थांबा’ मानतात. एकाच गोठ्यात दोन-तीन जनावरं आजारी पडली, तर ती एकमेकांमुळे नव्हे, एकाच मेंढी-कळपामुळे पडलेली असतात. घाबरून बाकीच्या गाई मिळेल त्या किमतीला विकण्याचं कारण नाही.

माणसाला या विषाणूमुळे आजार झाल्याची नोंद नाही. मेंढीचं मटण, लोकर किंवा मेंढ्यांजवळ राहणं यामुळे माणसाला एमसीएफचा धोका नाही. मात्र आजारी जनावराचं दूध किंवा मांस वापरू नये, हा साधा नियम इथेही पाळावा. कारण निदान होईपर्यंत आजार नेमका कोणता हे ठाऊक नसतं.

लस किंवा औषध आहे का?

नाही. मेंढीतला हा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवणं शास्त्रज्ञांना जमलेलं नाही आणि विषाणू वाढवता आला नाही तर नेहमीच्या पद्धतीची लस बनवणं कठीण. विल्डबीस्टमधल्या विषाणूवरच्या लशीच्या आफ्रिकेत चाचण्या झाल्या, त्यात अंशतः संरक्षण मिळालं. पण तो विषाणू वेगळा आहे. उपचार म्हणजे ताप उतरवणं, सलाइन देणं, जनावराचा त्रास कमी करणं, इतकंच हाती असतं.

त्यामुळे ‘खात्रीचं इंजेक्शन’ म्हणून कुणी हजारो रुपये उकळत असेल तर सावध राहावं. आधीच लाखाच्या घरातली गाय हातची जाण्याच्या बेतात असते, त्यावर औषधांची उधारी चढू नये.

मग दोष मेंढपाळांचा का नाही?

कारण मेंढपाळानं काही चुकीचं केलेलं नसतं आणि त्याला हटवून प्रश्न सुटतही नाही. त्याच्या मेंढ्या आजारी नसतात. त्याला औषध देता येत नाही, लस टोचता येत नाही आणि विषाणूमुक्त कळप बनवणंही त्याच्या हातात नाही. कोकरं अडीच महिन्यांची होण्याआधीच आयांपासून तोडून पूर्ण वेगळी वाढवली तर ती विषाणूमुक्त राहू शकतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण हे प्रयोगशाळेच्या आवारात शक्य आहे. डोक्यावर संसार घेऊन रोज पाच-दहा किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला ते सांगणं म्हणजे थट्टा.

मेंढपाळांच्या वाटा आधीच अरुंद झाल्या आहेत. माळरानं कमी झाली, वनखात्याच्या हद्दीत चराईवरून खटके उडतात, गायरानांवर अतिक्रमणं झाली. अशा वेळी ‘मेंढरांमुळे गाई मरतात’ एवढंच अर्धं वाक्य व्हॉट्सअपवर फिरलं, तर गावोगावी कळप अडवले जातील. ज्या शेतकऱ्याच्या घरच्या दोन मेंढ्या गाईशेजारी बांधलेल्या आहेत, तोही मग रस्त्यानं जाणाऱ्या धनगराकडेच बोट दाखवेल. कळप थांबले तर रानाचं खत जाईल, मेंढपाळाची भाकरी जाईल आणि घरच्या गोठ्यातला धोका तसाच राहील.

जगात यावर उपाय काय निघाला?

याचं जुनं उदाहरण पूर्व आफ्रिकेत आहे. केनिया-टांझानियातल्या मसाई पशुपालकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, की विल्डबीस्ट विण्याच्या हंगामात गुरं त्या कुरणात नेली तर ती मरतात. विषाणूचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण उपाय माहीत होता: त्या महिन्यांत गुरं दूर न्यायची. चांगलं कोवळं गवत सोडून द्यावं लागलं तरी चालेल. १९६० साली विल्यम प्लोराइट या ब्रिटिश पशुवैद्यकानं विल्डबीस्टमधून हा विषाणू वेगळा केला आणि मसाईंचं निरीक्षण बरोबर ठरलं. हेच प्लोराइट पुढे बुळकांडीवरच्या लशीसाठी जगप्रसिद्ध झाले.

अंतर न पाळल्याची किंमतही नोंदवलेली आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात एका बायसन फीडलॉटमध्ये ८०० हून जास्त प्राणी एमसीएफनं दगावले.

म्हणजे साठ वर्षांहून जास्त संशोधनानंतरही सर्वात भरवशाचा उपाय मसाईंचाच राहिला आहे: योग्य वेळी योग्य अंतर. फरक इतकाच, की विल्डबीस्टशी बोलता येत नाही. मेंढपाळाशी येतं.

पशुपालकांनी काय करावं?

- घरच्या मेंढ्या-शेळ्या गाई-म्हशींच्या गोठ्यातून आजच वेगळ्या कराव्यात. वेगळी जागा, वेगळी गव्हाण, वेगळं पाण्याचं भांडं. जागा वाऱ्याच्या दिशेनं गोठ्याच्या वरच्या बाजूला नसावी.
- मेंढरांनी उरवलेला चारा गाईला घालू नये. मेंढ्यांच्या हौदावर गाई पाजू नयेत.
- रानात कळप बसवायचा असेल तर जरूर बसवावा, पण गोठ्यालगतच्या तुकड्यात नको. लांबचं रान निवडावं आणि बोलणी करतानाच जागा ठरवून घ्यावी.
- कळपात सहा-नऊ महिन्यांची कोकरं जास्त असतील तर अंतर आणखी वाढवावं. हे मेंढपाळाला विचारलं की तो सांगतो, त्याच्याइतकं कोकराचं वय कुणालाच ठाऊक नसतं.
- गाभण आणि जास्त दुधाच्या गाई, तसंच म्हशी यांच्याबाबत विशेष काळजी घ्यावी.
- कळप कधी आणि कुठे बसला होता याची तारीख घरात कुठेतरी लिहून ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी गाय आजारी पडली तर हीच नोंद निदानाला कामी येईल.
- लक्षणं दिसताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं. जनावर जिवंत असतानाच रक्ताचा नमुना घेण्याचा आग्रह धरावा.
- जनावर दगावलंच तर शवविच्छेदन करून घ्यावं आणि मगच खोल खड्ड्यात पुरावं. विमा असेल तर दाव्यासाठी कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकाचा अहवाल लागतोच.

सरकारनं काय करायला हवं?

पहिली गरज निदानाची. आजाराचं नावच कागदावर येत नसेल तर तो किती आहे, कुठे आहे हे कधीच कळणार नाही. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, बेंगळुरूला पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी ‘निवेदी’ ही राष्ट्रीय संस्था आहे. संस्थांचा तुटवडा नाही. संशयित जनावराचं रक्त न गोठणाऱ्या नळीत कुणी घ्यायचं, ते बर्फात कुठे पाठवायचं, अहवाल किती दिवसांत आणि कुणाला मिळणार, या चार ओळी तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात लिहून लावलेल्या असाव्यात. लाळ्या खुरकतची चाचणी निगेटिव्ह आली की फाइल बंद, असं होऊ नये. तिथून पुढे एमसीएफची चाचणी आपोआप व्हावी.

दुसरी गरज भरपाईची. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्य सरकारनं संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, मोफत लसीकरण केलं आणि दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये दिले. लम्पीनं मेलेल्या गाईच्या मालकाला मदत आणि एमसीएफनं मेलेल्या गाईच्या मालकाला काहीच नाही, यात न्याय नाही. चाचणीनं सिद्ध झालेल्या प्रत्येक जनावरासाठी तेवढी मदत द्यायला हरकत नसावी. अशी जनावरं कमी असल्यानं तिजोरीवर मोठा भारही पडणार नाही. शिवाय भरपाई मिळणार म्हटल्यावर पशुपालक स्वतःहून खबर देतील. आज खबर देऊन त्याच्या पदरात काही पडत नाही.

तिसरी गरज मेंढपाळांना सोबत घेण्याची. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून मेंढपाळ कुटुंबांपर्यंत पोचायची वाट सरकारकडे आधीच आहे, पावसाळ्यातल्या चराई अनुदानाची तरतूदही तिच्यात आहे. ६ ते ९ महिन्यांची कोकरं आणि दुधाची जनावरं समोरासमोर येण्याचा काळही साधारण तोच. त्या महिन्यांत कळपांसाठी गावापासून दूर चराईची आणि पाण्याची जागा ठरवून दिली, तर अंतर पाळणं मेंढपाळाच्या सोयीचं होईल. ग्रामपंचायतीनं गायरानातला एक तुकडा आणि एक हौद राखून ठेवणं, हा कळपाला गावबंदी करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय आहे.

चौथी गोष्ट बाजारांची. पुसेगाव आणि खरसुंडीच्या यात्रांमध्ये खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा ठिकाणी, तसंच आठवडी बाजारात, मेंढ्या-शेळ्या आणि गाई-म्हशींच्या जागा पाण्याच्या हौदासह वेगळ्या ठेवायला फारसा खर्च येत नाही. जून २०२४ पासून राज्यात जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी कानातला बारा अंकी बिल्ला बंधनकारक आहे. त्याच क्रमांकावर आजाराची आणि मृत्यूच्या कारणाची नोंद झाली, तर कुठल्या तालुक्यात काय चाललंय हे एका क्लिकवर दिसेल.

आजार दुर्मीळ असेल, तर एवढा खटाटोप कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. लाळ्या खुरकत, लम्पी, थायलेरिया, कासदाह यांनी होणारं नुकसान एमसीएफपेक्षा कितीतरी मोठं आहे. तुटपुंज्या मनुष्यबळात पशुसंवर्धन विभागानं कशाकशाकडे पाहायचं?

पण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी फक्त एमसीएफसाठी नाहीत. तोंडात जखमा आणि ताप असलेल्या प्रत्येक जनावराचं पक्कं निदान व्हायलाच हवं. बुळकांडीसारखा आजार भारतानं आणि नंतर २०११ मध्ये जगानं संपवला, तो अशाच प्रत्येक संशयित जनावराचा पाठपुरावा करून. एमसीएफची लक्षणं बुळकांडीशी इतकी मिळतीजुळती आहेत, की त्याचा छडा लावणं हे नवी साथ वेळेत ओळखण्याचंच काम आहे. शिवाय दुर्मीळ हा शब्द आकडेवारीत बरा दिसतो. दोन गाईंच्या दुधावर सोसायटीचं कर्ज आणि मुलांची फी भागवणाऱ्या घरातली एक गाय गेली, तर त्या घरापुरतं नुकसान ५० टक्के असतं.

मेंढी आणि गाय या दोन्ही जनावरांवर सातारा-सांगलीचा कोरडवाहू संसार उभा आहे. दोघींपैकी एकीला गावाबाहेर काढायची गरज नाही. त्यांच्यात थोडं अंतर ठेवावं लागेल आणि ते कुठे, किती, कोणत्या महिन्यांत ठेवायचं, हे शेतकरी, मेंढपाळ आणि पशुवैद्यक यांनी एकत्र बसून ठरवावं लागेल. यंदाचे कळप रानात बसण्याआधी ही बैठक गावोगावी झाली, तर काही गाई वाचतील आणि काही भांडणंही टळतील.